पिकांची भूक आणि तिचे निदान

माणूस आजारी पडला म्हणजे आपले दुखणे बोलून दाखवतो. मूल बोलू शकत नसले तरी रडते. मुके जनावर वैरणीला तोंड लावत नाही, आणि त्यावरून जाणता गुराखी काय ते ओळखतो. झाडाला मात्र यांपैकी एकही मार्ग मोकळा नाही. ते आहे तेथेच उभे राहते, आणि त्याचे जे काही गाऱ्हाणे असेल ते त्याच्या पानांवर उमटते. कधी पान पिवळे पडते, कधी त्याच्या कडा करपतात, कधी शेंडा सुकतो, कधी पानावर तांबूस ठिपके दिसू लागतात. ही लिपी मानवाच्या डोळ्यांसमोर हजारो वर्षे होती. ती वाचता येऊ लागली त्याला मात्र पुरती दोनशे वर्षेही झालेली नाहीत. या वाचनाचा इतिहास हा चुकीच्या निदानांचा आणि त्यांच्या दुरुस्तीचा इतिहास आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण हिमालयाच्या पायथ्याशी, भारतीय भूमीत लिहिले गेले आहे.

प्राचीन भारतीयांना वनस्पतींच्या आजारांची जाणीव नव्हती असे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने आपल्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. थंडी, वारा आणि ऊन यांच्यामुळे झाडाला रोग होतो, त्याची पाने फिकी पडतात, अंकुर वाढत नाहीत, फांद्या सुकतात आणि रस पाझरू लागतो, अशी लक्षणे तो नोंदवतो. पुढे सुरपालाने आपल्या वृक्षायुर्वेद या ग्रंथात मनुष्यशरीराप्रमाणेच वृक्षांच्या ठायीही वात, पित्त आणि कफ यांची कल्पना केली आणि त्यांच्या प्रकोपानुसार उपचार सांगितले. मांस, अस्थी, मज्जा इत्यादी पदार्थ पाण्यात शिजवून व कुजवून केलेले कुणपजल हे त्या परंपरेतील प्रसिद्ध द्रवखत होय. ही कारणमीमांसा आजच्या शास्त्राला मान्य होणारी नाही. तथापि, पान फिके पडले तर झाडाला काहीतरी खाऊ घातले पाहिजे, ही त्यामागील दृष्टी चुकीची नव्हती. नेमके काय खाऊ घालावयाचे, एवढाच प्रश्न शिल्लक होता, आणि तो फार अवघड होता.

या प्रश्नाला प्रयोगाने भिडण्याचा पहिला ख्यातनाम यत्न सतराव्या शतकात ब्रसेल्सच्या यान फान हेल्मोंट याने केला. त्याने एका कुंडीत दोनशे पौंड वाळवलेली माती भरली आणि तीत पाच पौंड वजनाचे वाळुंजाचे रोप लावले. पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. मुदतीअखेर झाडाचे वजन भरले १६९ पौंड आणि वर काही औंस. माती पुन्हा वाळवून तोलली तेव्हा तिच्यात फक्त दोन औंसांची घट दिसली. झाड म्हणजे रूपांतर पावलेले पाणीच होय, असा निष्कर्ष हेल्मोंटने काढला. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. हवेतून झाड कर्ब घेते हे त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते, तेव्हा हेल्मोंटला त्याबद्दल दोष देता येणार नाही. परंतु ज्या दोन औंसांकडे त्याने क्षुल्लक म्हणून दुर्लक्ष केले, त्या दोन औंसांतच पुढील तीनशे वर्षांचे शास्त्र दडलेले होते.

१६९९ मध्ये इंग्लंडात जॉन वुडवर्ड याने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढवून पाहिली. पावसाच्या स्वच्छ पाण्यापेक्षा नदीच्या पाण्यात, आणि नुसत्या पाण्यापेक्षा माती कालवलेल्या पाण्यात रोपे अधिक जोमाने वाढली. झाडाला पाण्याहून अधिक काही हवे असते, हे यातून दिसून आले. १८०४ मध्ये जिनीव्हाच्या द सोस्यूर याने वनस्पतींच्या राखेचे रासायनिक पृथक्करण केले आणि राखेतील क्षार मुळांवाटे जमिनीतून येतात हे दाखवून दिले. त्यानंतर जर्मनीत कार्ल श्प्रेंगेल याने १८२८ च्या सुमारास असा नियम मांडला की, आवश्यक द्रव्यांपैकी जे सर्वांत कमी पडते त्याच्यावरच पिकाची वाढ अवलंबून राहते. इतर द्रव्ये कितीही दिली तरी ती उणीव भरून निघत नाही. १८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिग याने शेतीच्या रसायनशास्त्रावरील आपल्या ग्रंथाने या विचाराला युरोपभर प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे या नियमासाठी पिंपाची उपमा रूढ झाली: पिंपाची जी फळी सर्वांत आखूड असेल, तेथपर्यंतच पाणी राहणार.

लीबिगच्या विद्वत्तेबद्दल शंका नाही, परंतु त्याचे पहिले निदान मात्र फसले. पिकाला लागणारा नत्र हवेतून व पावसातून पुरेसा मिळतो, अशी त्याची समजूत होती. त्यामुळे त्याने १८४५ च्या सुमारास बाजारात आणलेल्या खतात नत्राची उणीव होती. शिवाय क्षार पावसाने वाहून जाऊ नयेत म्हणून ते असे वितळवून घट्ट केले होते की पिकालाही ते सहजी मिळेनात. खत अपयशी ठरले. इकडे इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे जॉन लॉज आणि हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ पासून गव्हाच्या एकाच शेताचे पट्टे पाडून कोणाला शेणखत, कोणाला नत्र, कोणाला केवळ खनिज क्षार, तर कोणाला काहीच नाही, अशी विभागणी केली होती. जमिनीतून नत्र दिल्यावाचून गहू पोसत नाही, हे त्या पट्ट्यांनीच दाखवून दिले. ब्रॉडबॉक या नावाने ओळखले जाणारे ते शेत आजही त्याच पद्धतीने पेरले जात आहे.

या सर्व वादात पिकाच्या आहाराविषयी बरेच बोलले गेले, पण रोगी पानाकडे पाहून त्याचे दुखणे सांगण्याची विद्या अद्याप जन्मास यावयाची होती. तिचा पहिला खरा धडा फ्रान्समध्ये १८४३ च्या सुमारास यूझेब ग्री याने दिला. पाने फिकट, जवळजवळ पांढरी पडलेल्या झाडांना त्याने लोहाचा क्षार पाण्यात विरघळवून घातला, आणि ती हिरवी झाली. एवढ्यावर न थांबता त्याने तो द्राव कुंचल्याने पानाला लावून पाहिला. जेथे द्राव लागला तेवढाच भाग हिरवा झाला; शेजारचा भाग फिकाच राहिला. पानानेच दिलेली अशी साक्ष दुसऱ्या कोणत्याही पुराव्याहून मोठी होती. लोहावाचून पानाला हिरवा रंग येत नाही, हे ठरले. निदान बरोबर असेल तर उपचाराने रोगी बरा होतो, आणि उपचाराने रोगी बरा झाला तर निदानावर शिक्कामोर्तब होते, हे वैद्यकातील तत्त्व ग्रीने वनस्पतींना लागू केले. आजही शेतकरी दोन-चार झाडांवर फवारा मारून आठ-दहा दिवस वाट पाहतो, तेव्हा तो ग्रीच्याच मार्गाने जात असतो.

१८६० मध्ये युलियुस झाक्स याने मातीवाचून, केवळ पाण्यात विरघळवलेल्या क्षारांवर रोपे वाढवण्याची पद्धत सिद्ध केली. तीमुळे एकेक द्रव्य वगळून झाडाचे काय होते हे पाहता येऊ लागले. नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम, गंधक आणि लोह एवढ्यांवर झाड जगते, असे त्यावरून मानले गेले, आणि पुढे पन्नासएक वर्षे शास्त्रज्ञ या यादीवर संतुष्ट होते. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली नाही. त्यांनी वापरलेले क्षार पुरते शुद्ध नव्हते. त्या अशुद्धीतूनच जस्त, मंगल, तांबे, बोरॉन यांचे कण रोपांना गुपचूप मिळत होते. क्षार अधिकाधिक शुद्ध होऊ लागले तसतशी ही गुप्त भिक्षा बंद झाली आणि रोपे उपाशी मरू लागली. १९२२ मध्ये मंगलाची आवश्यकता दाखवली गेली. १९२३ मध्ये रॉथॅमस्टेड येथे कॅथरिन वॉरिंग्टन हिने बोरॉनवाचून बाकल्याचे झाड वाढत नाही हे सिद्ध केले. १९२६ मध्ये जस्ताबद्दल, १९३१ मध्ये तांब्याबद्दल आणि १९३९ मध्ये मॉलिब्डेनमबद्दल अशीच प्रमाणे पुढे आली. १९५४ मध्ये क्लोरीनची आणि १९८७ मध्ये निकेलची भर पडली. एकरी काही औंस, क्वचित त्याहूनही कमी एवढीच ज्यांची गरज, अशा या द्रव्यांना सूक्ष्म अन्नद्रव्ये हे नाव मिळाले. हेल्मोंटच्या दोन औंसांचा हिशेब असा हळूहळू लागत गेला.

त्या काळातील एक हकीकत विशेष बोधप्रद आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात पेकन नावाच्या कवचफळांच्या झाडांना एक विकृती होत असे. शेंड्याकडील पाने बारीक होऊन गुच्छासारखी एकवटत आणि फांद्या वरून सुकत येत. लोहाची उणीव असावी अशा समजुतीने तीन संशोधकांनी त्यांना लोहाच्या गंधकक्षाराचा द्राव दिला. काही झाडे सुधारली, काही सुधारली नाहीत. हा भेद का व्हावा याचा शोध घेता असे आढळले की, जो द्राव जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यांत कालवला होता तोच गुणकारी ठरला होता. औषध बादलीत ओतलेले नव्हते. बादलीच औषध होती. १९३२ मध्ये या विकृतीचे खरे कारण जस्ताची उणीव हे जाहीर झाले. जर्मनीत बीटच्या कंदाचा गाभा सडत असे व त्याबद्दल एका बुरशीला दोषी ठरवले जाई. १९३१ मध्ये ब्रांडेनबुर्ग याने मूळ दोष बोरॉनच्या अभावाचा आहे हे दाखवले. भुकेने दुबळ्या झालेल्या झाडावर बुरशी मागाहून येऊन बसते, आणि पाहणारा तिलाच गुन्हेगार समजतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनला प्रत्येक एकरातून अधिक धान्य हवे होते. ब्रिस्टॉलजवळील लाँग ॲश्टन संशोधन केंद्रातील टॉमस वॉलेस याने १९४३ मध्ये पिकांवरील उणिवांची रंगीत छायाचित्रे असलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. शेतावर उभे राहून, पानाशी चित्र ताडून दुखणे ओळखता यावे हा त्याचा हेतू होता. या विद्येचे मुख्य सूत्र साधे आहे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या अंगात फिरू शकतात. टंचाई पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देते. दुष्काळात घरातील वडीलधारी माणसे आपल्या ताटातील भाकर मुलांच्या ताटात वाढतात, तसेच हे. म्हणून या द्रव्यांची उणीव प्रथम खालच्या पानांवर दिसते. नत्र कमी असल्यास खालचे पान शेंड्याकडून सरसकट पिवळे होत जाते. स्फुरद कमी असल्यास पाने गडद व जांभळट होतात. पालाश कमी असल्यास कडा भाजल्यासारख्या दिसतात. मॅग्नेशियम कमी असल्यास शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. उलट लोह, कॅल्शियम आणि बोरॉन ही द्रव्ये एकदा जेथे बसली तेथून सहसा हलत नाहीत, म्हणून त्यांचा अभाव कोवळ्या पानांवर आणि शेंड्यावर उमटतो. शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा हेच चित्र कोवळ्या पानावर असेल तर ती लोहाची हाक होय. तेव्हा पहिला प्रश्न रंगाचा नसून जागेचा आहे: पिवळेपणा खालून वर चढत आहे, की वरून खाली उतरत आहे?

भारतात या शास्त्राची पावले जराशी उशिरा उमटली, पण ती उमटली. १८८९ मध्ये डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर हा कृषिरसायनज्ञ हिंदुस्थानात आला. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात त्याने येथील शेतकऱ्याच्या कसबाची मोकळेपणाने प्रशंसा केली आणि जळणाच्या अभावी शेण चुलीत जाते व शेत उपाशी राहते याकडे लक्ष वेधले. पुढे इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड यांच्या सहकार्याने काडीकचरा, शेण व मूत्र कुजवून उत्तम खत करण्याची पद्धत बसवली. दोघांच्या नावे १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. जमिनीतून जे काढले ते जमिनीला परत दिले पाहिजे, हे या दोहोंचे सार होते.

याच ऋणाची आठवण देशाला १९६० नंतरच्या दशकात तराईच्या प्रदेशात झाली. हिमालयाच्या पायथ्याशी असलेले हे दलदलीचे, हिवतापाचे अरण्य स्वातंत्र्यानंतर तोडून लागवडीखाली आणले गेले होते. फाळणीने उखडलेली अनेक कुटुंबे तेथे नव्याने वसली होती. पंतनगर येथे १९६० मध्ये देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. त्या नव्या भूमीत भाताच्या लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांतच खाचरांत ठिकठिकाणी रोपे खुरटत, खालच्या पानांवर बारीक तपकिरी ठिपके पडत, ते एकमेकांत मिसळत आणि सारे पान गंजल्यासारखे होई. खैराच्या लाकडापासून होणाऱ्या काताचा जो रंग, तोच त्या पानांचा. म्हणून लोकांनी या आजाराला ‘खैरा’ हे नाव दिले.

दिवस कठीण होते. १९६५ आणि १९६६ या लागोपाठच्या दोन वर्षी पावसाने दगा दिला होता, आणि १९६६ मध्ये देशाला सुमारे एक कोटी टन धान्य परदेशांतून आणावे लागले होते. अशा वेळी हाताशी आलेले भात खाचरातच करपून जाणे हा केवळ एका शेतकऱ्याचा तोटा नव्हता. पंतनगरच्या विद्यापीठात डॉ. यशवंत लक्ष्मण नेने हे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ होते. ग्वाल्हेर येथे १९३६ मध्ये जन्मलेले हे मराठी संशोधक त्या वेळी जेमतेम तिशीच्या उंबरठ्यावर होते. रोगशास्त्रज्ञाच्या शिक्षणाचा ओढा स्वाभाविकपणेच बुरशी, जंतू आणि विषाणू यांच्याकडे असतो. नेने यांनी मात्र १९६६ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला तो असा की, खैरा हा कोणत्याही जंतूचा उपद्रव नसून जस्ताची भूक आहे. शेतातील भातावर जस्ताच्या उणिवेची जगातील पहिली नोंद म्हणून ती ओळखली जाते.

उपायही तितकाच साधा निघाला. हेक्टरी पाच किलो जस्ताचा गंधकक्षार आणि अडीच किलो विरवलेला चुना हजार लिटर पाण्यात मिसळून फवारावयाचा. द्रावाच्या आम्लतेने पाने भाजू नयेत म्हणून चुना. त्या पाच किलोंत निव्वळ जस्त किलोभराच्या आसपासच असते. अडीच एकरांच्या खाचराचे भवितव्य एवढ्याशा धातूवर टांगलेले होते! मौजेची गोष्ट अशी की, तराईच्या जमिनीत जस्ताचा पुरता अभाव होता असेही नाही. चुनखडीयुक्त जमीन आणि साचलेले पाणी यांच्या संयोगाने तेथील जस्त मुळांना मिळेनासे होते. कोठारात धान्य असून किल्ली हरवावी, तशी ही अवस्था होती. पाकिस्तानात ‘हड्डा’ या नावाने ओळखला जाणारा भाताचा आजारही असाच जस्ताच्या उणिवेचा ठरला.

याच सुमारास या कथेला एक समांतर धागा जुळला. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमध्ये वाढ खुंटलेले, वयात न आलेले तरुण आढळले होते. १९६१ मध्ये त्यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९६३ मध्ये इजिप्तमधील अशाच रुग्णांच्या अभ्यासावरून मानवी शरीरातील जस्ताची उणीव पुढे मांडली. जी जमीन भाताला जस्त देत नाही, ती त्या भातावर वाढणाऱ्या मुलालाही ते देऊ शकत नाही. पानावरचे निदान अखेर माणसाच्या ताटापर्यंत येऊन पोहोचते.

१९६७ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या अभ्यासाची अखिल भारतीय योजना हाती घेतली. त्यानंतर देशभर तपासलेल्या मातीच्या नमुन्यांपैकी सुमारे ३६ टक्के नमुन्यांत जस्ताची आणि सुमारे २३ टक्के नमुन्यांत बोरॉनची उणीव आढळल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात. नव्या संकरित व ठेंगण्या वाणांनी उत्पन्न वाढवले, पण त्यासोबत जमिनीतून होणारी उचलही वाढवली. नत्राची पोती मात्र जस्त परत देत नव्हती. २०१५ पासून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत म्हणूनच नत्र, स्फुरद, पालाश यांच्या जोडीला गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन यांचीही नोंद होते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ही लिपी अगदीच अपरिचित नाही. चुनखडीच्या जमिनीत उसाची कोवळी पाने केवड्याच्या कणसासारखी पिवळी-पांढरी पडतात, तेव्हा तो ‘केवडा पडला’ असे म्हणतो. ती लोहाची उणीव असते. परंतु बाजरीवर पडणाऱ्या ‘केवड्या’ला, ज्याला गोसावी असेही म्हणतात, कारण बुरशीसारखा परजीवी असतो. नाव एक, रंगही जवळपास एकच. पण एकाला अन्न हवे आणि दुसऱ्याला रोगनाशक. कपाशीची पाने लाल होणारा ‘लाल्या’ हाही कधी मॅग्नेशियमच्या, कधी नत्राच्या उणिवेतून उद्भवतो, तर कधी तुडतुड्यांच्या उपद्रवाने किंवा रात्रीच्या थंडीने. अंगणातील कुंडीत गुलाब वा टोमॅटो लावणाऱ्या गृहस्थाचेही असेच होते. पान पिवळे दिसताच तो मूठभर खत टाकतो; प्रत्यक्षात कुंडीच्या तळाचे छिद्र बुजून मुळे पाण्यात गुदमरलेली असतात, आणि खताने त्यांचे हाल अधिकच वाढतात. बोरॉनसारख्या द्रव्याच्या बाबतीत तर पुरेशी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फारच थोडे अंतर असते.

म्हणून जाणता निदान करणारा घाई करीत नाही. पिवळेपणा जुन्या पानावर आहे की नव्या, सारे शेत सारखे फिके आहे की ठिकठिकाणी थिगळे पडली आहेत, पाण्याचा निचरा होतो की नाही, मुळे पांढरी व सशक्त आहेत की काळी पडली आहेत, हे तो आधी पाहतो. मग माती आणि पान यांची तपासणी करून घेतो, थोड्या झाडांवर उपचार करून पाहतो, शेजारची थोडी झाडे तशीच राखतो, आणि झाड काय उत्तर देते याची वाट पाहतो.

डॉ. नेने यांनी उत्तरायुष्यात, १९९४ मध्ये, आशियाच्या कृषी-इतिहासाच्या अभ्यासासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि सुरपालाचा विस्मृतीत गेलेला वृक्षायुर्वेद भाषांतरासह जगापुढे आणवला. ज्या शास्त्रज्ञाने खैऱ्याचे गूढ आधुनिक रसायनाच्या साहाय्याने उकलले, त्याने हजार वर्षांपूर्वीच्या वृक्षवैद्याचे म्हणणे आदराने ऐकून घ्यावे, यात विसंगती नाही. दोघांच्या दृष्टीने झाड हे एक रोगीच होते, आणि त्याच्या पानाकडे लक्षपूर्वक पाहणे हा उपचाराचा आरंभ होता. २०१८ मध्ये नेने निवर्तले. तराईतील खाचरांतून जस्ताचा फवारा मारणाऱ्या शेतकऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक असेल. परंतु लावणीनंतर तिसऱ्या आठवड्यातही हिरवे राहिलेले भात त्यांच्या निदानाची साक्ष दर हंगामाला देत असते.